बूच फुगतंय आणि रिपोर्ट मात्र 'नो ग्रोथ'

वेंगुर्ल्याच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचाच जुना त्रास समोर उभा राहिला. तुम्ही लिहिलंत तसंच, अमृत कोकमच्या बाटल्या महिनाभरात फसफसतात, बूच फुगतं, पण मशीनच्या स्वॅबचा (पृष्ठभाग पुसून जंतू तपासायच्या कापसाच्या काडीचा) रिपोर्ट स्वच्छ, 'नो ग्रोथ', म्हणजे जंतू वाढलेच नाहीत. राजापूरजवळ आमचं छोटं युनिट आहे, तिथे एका हंगामात हेच झालं. दुकानदारांनी खोके परत पाठवले. आम्ही साखर बदलली, बुचं बदलली, रातांबे देणाऱ्यांवर संशय घेतला. रिपोर्टमुळे मशीनकडे कोणी बघेचना.

धुण्याचा क्रम, हेअर कॅप वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो. मला बोलायचंय स्वॅबबद्दल.

आमच्याकडे एका प्रयोगशाळेचा माणूस आला. मशीन नुकतंच हायपोक्लोराइटने (क्लोरीनच्या जंतुनाशकाने) धुतलेलं, पत्रा अजून ओला. त्याने साध्या सलाइनमधला (मिठाच्या निर्जंतुक पाण्यातला) स्वॅब टाकीच्या गुळगुळीत बाहेरच्या अंगावर फिरवला आणि नळीत टाकला. त्या ओलीतलं क्लोरीन स्वॅबबरोबर नळीत गेलं, मग वाटेत जंतू जिवंत राहणार कसे? क्लोरीन निष्प्रभ करायला नळीत सोडियम थायोसल्फेट असावं लागतं. क्वाट प्रकारचं (क्वाटर्नरी अमोनियमचं, क्लोरीन नसलेलं) सॅनिटायझर वापरत असाल तर लेसिथिन आणि ट्वीन ८० असलेलं माध्यम. पुढे प्रयोगशाळेला विचारलं तर उत्तर आलं, 'नमुना ग्राहकाने दिल्याप्रमाणे', म्हणजे जबाबदारी आमची. नमुना त्यांच्याच माणसाने घेतलेला! पैसे घेऊन असं लिहून देणाऱ्यांचा मला आजही संताप येतो, कारण त्या एका कागदाने आमचा अख्खा हंगाम खाल्ला.

दुसरं म्हणजे त्यांनी फक्त ३७ अंशांवरचा बॅक्टेरियाचा काउंट केला होता. कोकमाच्या आंबटपणात आणि इतक्या साखरेत बहुतेक बॅक्टेरिया वाढतच नाहीत, फसफस होते ती यीस्टमुळे. यीस्ट-मोल्डची (यीस्ट आणि बुरशीची) चाचणी २५ अंशांना ५ दिवस ठेवून करतात, ती स्पष्ट मागा. सिरपसाठी जास्त साखरेचं माध्यम वापरा असंही सांगा, साखरेला सरावलेलं यीस्ट साध्या प्लेटवर कधीकधी उगवत नाही. आणि बेंझोएट (टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) वाढवून सुटेल असं समजू नका. झायगोसॅकरोमायसिस जातीतली काही यीस्ट त्यालाही जुमानत नाहीत.

आमचा चोर शेवटी फिलिंगच्या आधीच्या बॉल व्हॉल्व्हमध्ये (आतला भोकाचा चेंडू फिरवून उघडबंद होतो तो) सापडला. व्हॉल्व्ह बंद केला की चेंडूभोवतीच्या पोकळीत सरबत अडकून राहतं, पाइपातून कितीही पाणी सोडा, तिथे पोचत नाही. पान्याने उघडला तर टेफ्लॉनच्या सीटमागे तपकिरी-गुलाबी बुळबुळीत थर, बोटाला चिकटणारा, वास आंबलेल्या पिठाचा. म्हणून स्वॅब घ्यायचा तो गॅस्केटखाली, नोझलच्या आतून, होजच्या टोकातून. मशीन खोलून, आणि शक्यतो रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी, सॅनिटायझर मारण्याआधी. सपाट भागावर १० बाय १० सेंटीमीटर, बाकी ठिकाणी संपूर्ण कड.

एटीपी मीटर (पृष्ठभागावर राहिलेला सजीवांचा अंश मोजणारं छोटं यंत्र) घ्यायचा विचार असेल तर माझं मत, घाई नको. तो जंतू मोजत नाही, उरलेला फळाचा गरही दाखवतो. धुणं नीट झालं का बघायला चांगला, बाकी त्याच्या आकड्यावर माल सोडू नका.

मेडिकलमध्ये निर्जंतुक डबी मिळते. केटल, टाकी, व्हॉल्व्हनंतर, नोझल, अशा प्रत्येक टप्प्यावर सरबत भरा. उकळून गार केलेल्या पाण्याने थोडं पातळ करा, म्हणजे यीस्ट लवकर वाढतं. गरम खोलीत ठेवा, रोज बघा. ज्या टप्प्यापासून डब्या फुगायला लागतील, घोळ त्याच्या आसपास. हे प्रयोगशाळेला पर्याय नाही, पण कुठे खोलायचं ते कळतं. डबी झाकणाने घट्ट बंद करून तशीच ठेवून देऊ नका, वायू साठून झाकण उडतं. आणि तपासायचं म्हणून चाखू नका.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट नाही, तुमच्या मशीनची रचना पाहिलेली नाही, तेव्हा एकदा जाणकाराला दाखवाच. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असेल तरी त्या मान्यतेच्या यादीत ही विशिष्ट चाचणी आहे का, ते विचारा. स्वॅब बर्फाच्या डब्यात २४ तासांत पोचायला हवा, त्यामुळे शनिवारी कुरिअर करू नका.

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं, आणि क्लोरीन त्या गाळातच खर्च होतं, जंतूंसाठी उरत नाही. शेवटच्या धुण्याचं पाणीही तपासायला द्या. आणि तुमचा फिलर (बाटल्या भरायचं मशीन) कुठल्या व्हॉल्व्हचा आहे, बॉल की बटरफ्लाय (चकती फिरून उघडबंद होणारा), ते लिहा. पुढचं त्यावरून सांगता येईल.