नावाची मुळं शोधताना : अरबी स्त्रीनावांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात 'नूर' या नावावर सहज चार ओळी लिहिल्या आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. निम्म्या पत्रांची तक्रार एकच, एका साइटवर एक अर्थ, दुसरीवर भलताच, मग खरा कुठला? तर आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळातून फुटतात. न-व-र म्हणजे उजेड. त्यातून नूर, मुनीरा म्हणजे उजेड देणारी, अन्वर, आणि आपला चारमिनारमधला मिनारसुद्धा, कारण 'मनारा' म्हणजे उजेडाची जागा. मूळ सापडलं की अर्थ हाताला लागतो, आणि मूळ चुकलं की मग नेटवरची ती गुलाबी चौकटीतली यादी.

तुम्ही लिहिलंत की झोहरा आणि झहरा एकच. माझ्या सासूबाईंचं नाव झोहरा आहे आणि त्या म्हणतात असं अजिबात नाही. (मिरज)

सासूबाईंचं बरोबर, चूक माझी. दोन्हींचं मूळ एकच आहे, झ-ह-र, चमकणं, फुलणं. पण नावं दोन. झहरा म्हणजे तेजस्वी, उजळ, आणि ही पैगंबरांची मुलगी फातिमा हिची उपाधी, म्हणून 'फातिमा झहरा' असं जोडून ऐकू येतं. झोहरा हे आकाशातलं नाव, शुक्राची चांदणी. सासूबाईंना सांगा, नाव लाखात देखणं आहे. आणि दोन्हींचा 'जहर'शी काही संबंध नाही, तो शब्द फारसी. हे मुद्दाम लिहितेय कारण दोघींनी तसं विचारलंय.

ऑफिसमध्ये माझ्या शेजारी समीना बसते. तिनं स्वतःच नाव सर्च केलं तर एकीकडे 'मौल्यवान' आणि दुसरीकडे चक्क 'जाडी'. दिवसभर हसत होती पण मला वाटतं मनातून लागलं तिला. (पुणे)

दोन्ही अर्थ खरे आहेत, फक्त ते दोन वेगवेगळ्या शब्दांचे आहेत! आपल्या कानाला एकच 'स' ऐकू येतो पण अरबीत तिथे दोन वेगळी अक्षरं आहेत. एक 'सा', जे अरब लोक जीभ दातात धरून 'थ'सारखं म्हणतात, आणि दुसरं साधं 'सीन'. पहिल्यानं लिहिलं तर थमीना, किमती, मोलाची. सीननं लिहिलं तर समीना, म्हणजे खरंच लठ्ठ. नाव फारसी-उर्दूतून आपल्याकडे आलं तेव्हा त्या वाटेवर 'थ'चा 'स' झाला आणि दोघी एका उच्चारात जाऊन बसल्या. मैत्रिणीला सांगा की घरात कुठे उर्दूत लिहिलेलं नाव असेल, आईची वही, निकाहनामा, काहीही, तर पहिल्या अक्षरावर तीन टिंबं आहेत का बघ. असणारच. कुठली आई मुलीचं नाव बिनटिंबाचं ठेवेल? साइटवाल्यांनी रोमन लिपीवरून अर्थ लावला आणि रोमनमध्ये टिंबं कुठून येणार, तिथेच सगळा घोळ झाला.

हाच प्रकार सुरैयाचा. अरबीत ती थुरैया, म्हणजे कृत्तिका नक्षत्राचा पुंजका, आणि छताला लटकणाऱ्या झुंबरालाही अरबीत हाच शब्द आहे, दिव्यांचा पुंजका म्हणून. फारसीत त्याच नक्षत्राला परवीन म्हणतात. म्हणजे वर्गात सुरैया, परवीन आणि कृत्तिका अशा तिघी असल्या तर हजेरी एकाच नावाची चाललीय म्हणायचं. दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० बसलेली रझिया, तिचंही अरबस्तानात रादिया होतं, तिथला जड 'द' इकडे येताना 'झ' झाला, रमदानचा रमझान झाला तसाच.

फातिमा म्हणजे 'दूध तोडणारी' आणि खदिजा म्हणजे 'अपुऱ्या दिवसांची' असं वाचलं. एवढ्या आदराची नावं आणि अर्थ असे? कुणी खोडसाळपणा केलाय का? (नाशिक)

कुणी खोडसाळपणा केलेला नाही, अर्थ तेच आहेत. फ-त-म म्हणजे अंगावरचं दूध तोडणं. ख-द-ज हे मूळ सांडणी दिवस भरायच्या आधी व्याली तर वापरायचे. आपण 'नावाचा अर्थ' म्हटला की लगेच देवी, फूल, चांदणं असं काहीतरी हवं असतं, पण जुन्या अरब टोळ्यांची नावं उंटाच्या, तंबूच्या, बाळंतपणाच्या रोजच्या जगण्यातून उचललेली आहेत. आणि ही नावं इस्लामच्या आधीपासूनची आहेत, पैगंबरांच्या आजीचंही नाव फातिमाच होतं. मला विचाराल तर दूध तोडणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, वाळवंटात मूल दोन वर्षांचं होऊन अंगावरून सुटलं म्हणजे जगलं म्हणायचं. खदिजेचंही तसंच. अपुऱ्या दिवसांची पोर तगली, पुढे या नावाची बाई मक्केत स्वतःचे व्यापारी तांडे चालवायची आणि पैगंबरांची पहिली पत्नी झाली. मग अर्थ काय घेऊन बसलात, नावाला वजन बाईनं दिलं. आपल्याकडे नाही का, दगडू आणि धोंडू अशी नावं घेऊन लोक मोठे झाले.

आयशा आणि आपली 'ऐश', काही नातं आहे का? मुलगी रोज विचारते. मुलीचं नाव सांगायला नकोच. (कोल्हापूर)

आहे, अगदी सख्खं नातं आहे. ऐश हा अरबी शब्द, मूळ अर्थ जगणं. आयशा म्हणजे जगणारी, जिवंत, आयुष्य असलेली. फारसीत जाऊन 'ऐश'चा अर्थ चैनीकडे सरकला आणि मराठीत आपण ऐश करायला लागलो. इजिप्तमध्ये मात्र उलट झालं, तिथे रोजच्या भाकरीला 'ऐश' म्हणतात. २०११ साली कैरोच्या तहरीर चौकात लोक 'ऐश, हुर्रिया, अदाला' ओरडत होते तेव्हा ते चैन मागत नव्हते, भाकरी, स्वातंत्र्य आणि न्याय मागत होते. मुलीला सांगा, तुझ्या नावात भाकरीही आहे आणि ऐशही, आधी कुठली हवी ते तू ठरव.

बीबी का मकबऱ्यात गाइडनं सांगितलं की राबिया म्हणजे वसंत ऋतू. घरी येऊन शोधलं तर 'चौथी' असा अर्थ निघाला. (छत्रपती संभाजीनगर)

गाइडचं चुकलं, पण फार लांब नाही चुकलं. तिथे पुरलेली बाई औरंगजेबाची बायको दिलरस बानू. ती १६५७ साली बाळंतपणानंतर गेली आणि मरणोत्तर तिला 'राबिया-उद-दौरानी' म्हणजे 'या काळातली राबिया' अशी पदवी मिळाली. मूळची राबिया ही आठव्या शतकातली बसऱ्याची संत स्त्री, सूफी लोकांत हिला फार मान. कथा अशी सांगतात की गरीब घरात तीन मुलींवर ही चौथी झाली म्हणून नाव राबिया, चौथी.

आता गंमत ऐका. अरबीत चारचा आकडा र-ब-अ या मुळाचा, आणि वसंत म्हणजे 'रबी', तोही ह्याच मुळाचा. हीच ती आपली रब्बी! ज्वारी-हरभऱ्याचा रब्बी हंगाम म्हणजे अरबी वसंत, आणि खरीप म्हणजे 'खरीफ', अरबी शरद ऋतू. म्हणजे मराठवाड्यातला शेतकरी सातबारा काढताना जो शब्द घेतो आणि मकबऱ्यातल्या बेगमेच्या पदवीत जो शब्द आहे ते एकाच घरातले आहेत. गाइडनं 'रबी'चा अर्थ 'राबिया'ला चिकटवला इतकंच.

पत्रात तुम्ही पुढे लिहिलंय की चौथी मुलगी म्हणून नुसता नंबर दिला हे वाचून वाईट वाटलं. वाटायलाच हवं, पण बोट अरबस्तानाकडे दाखवायच्या आधी आपली 'नकुशी' आठवा. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात पावणेतीनशेहून जास्त नकुशींची नावं समारंभ करून बदलली. नंबर परवडला, नकार नाही. राबिया निदान नुसती मोजलेली तरी होती.

झुबेदा? (अहिल्यानगर. पत्रात एवढा एकच शब्द.)

लोणी! झुब्दा म्हणजे लोणी, साय, कशातलाही सर्वांत उत्तम भाग, आणि झुबेदा हे त्याचं लाडाचं छोटं रूप, लोण्याचा गोळा म्हणा ना. हसनचं लाडकं रूप हुसेन, त्याच साच्यात पाडलेलं. ही प्रसिद्ध झुबेदा म्हणजे हरून अल रशीद खलिफाची बायको, लहानपणी गोरी गुबगुबीत म्हणून आजोबांनी, म्हणजे बगदाद वसवणाऱ्या मन्सूर खलिफानं, हे नाव पाडलं असं सांगतात. पण ती नुसता लोण्याचा गोळा राहिली नाही. कूफ्याहून मक्केला जाणाऱ्या हजच्या रस्त्यावर तिनं विहिरी, तळी, मुक्कामाच्या जागा बांधवल्या, त्या रस्त्याला आजही 'दर्ब झुबेदा' म्हणतात. टोपणनाव घेऊन इतिहासात गेलेल्या माणसांत माझी ही सगळ्यात आवडती बाई.

आमच्या चाळीत कुलसूम मावशी होत्या. कुलसूमचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही. (मुंबई)

गोबऱ्या गालांचा किंवा गालांची. पण मूळ नाव पूर्ण आहे 'उम्म कुल्थूम', म्हणजे कुल्थूमची आई. अरबांत थोरल्या मुलाच्या नावानं आईबापाला हाक मारायची पद्धत आहे, अबू अमुक, उम्म तमुक. आपल्याकडे 'अगं बंड्याची आई' म्हणतात ना, तसंच, फक्त तिथे तो मान असतो आणि आपल्याकडे नवऱ्याला बायकोचं नाव घ्यायची लाज. पुढे अशी हाक जन्मतःच मुलीला नाव म्हणून ठेवायला लागले, पैगंबरांच्या एका मुलीचं नाव हेच होतं. इजिप्तची गायिका उम्म कुल्थूम हिला मूलबाळ नव्हतं, तरी आख्खं अरब जग तिला 'कुल्थूमची आई' म्हणून ऐकत राहिलं, १९७५ साली ती गेली तेव्हा कैरोचे रस्ते माणसांनी भरले होते. आपल्याकडे येता येता 'उम्म' गळून पडलं आणि आई गेली, नुसते गाल राहिले.

आम्ही दोघं मराठी, शारजात असतो. मुलगी झालीय. इथे शाळेत अडखळणार नाही आणि गावाकडे आजीलाही घेता येईल असं नाव सुचवा. (शारजा)

हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण योगायोगानं अशी बरीच नावं आहेत. समीरा घ्या. आपल्याकडे समीर म्हणजे वारा. अरबीत समीरा म्हणजे रात्री गप्पांच्या बैठकीत सोबत करणारी, वाळवंटात दिवसाचं ऊन उतरल्यावर गप्पांचा फड जमतो त्याला 'समर' म्हणतात. दोन भाषांचा काही संबंध नाही, पण दोन्हीकडे संध्याकाळचा गारवा आलाच! रीमा चालेल, तिकडे 'रीम' म्हणजे पांढरं हरीण. लीना चालेल, आपल्याकडे लीन झालेली, तिकडे खजुराचं झाड. रेहाना हे रैहानवरून, सुवासिक झुडूप, आपल्या सब्जाची जात, म्हणजे तुळशीची जवळची बहीण. आजीला 'तुळसा' म्हणून खपवता येईल.

अमल मात्र जपून. संस्कृतात अमल म्हणजे निर्मळ आणि अरबीत मुलीचं नाव अमल म्हणजे आशा, दोन्ही छान. पण अरबीत घशातून काढायच्या 'अ'नं सुरू होणारा दुसरा 'अमल' आहे, काम, कृती, आणि तोच मराठीत 'अंमल' होऊन बसलाय, अंमलबजावणीतला. आजीनं तोंडात अनुस्वार घातला की पोरीची थेट पोलीस खात्यात बदली. तरी तुमचं मत अमलकडेच झुकत असेल तर शाळेच्या फॉर्मवर अरबी स्पेलिंग तिथल्या कुणा शिक्षिकेकडून आधी तपासून घ्या, कारण तिथे एका अक्षरानं 'आशा'चं 'काम' होतं.

आमिना, शबाना, नर्गिस, यास्मिन या चौघींचे अर्थ एकदम सांगा, चारही आमच्या घरात आहेत. (रत्नागिरी)

यातली अरबी एकटी आमिना, बाकी तिघी फारसी आहेत, त्यांच्यासाठी पुढचा अंक ठेवलाय. आमिनेचंही परत टिंबा-मात्रांचंच दुखणं आहे. पहिला 'आ' लांब असेल तर निर्धास्त, सुरक्षित असलेली, पैगंबरांच्या आईचं नाव हे. 'अमीना' असेल तर विश्वासू, जिच्याकडे अमानत ठेवावी अशी. अमन, अमानत, इमान सगळे याच मुळाचे. तुमच्या आमिनाबींचं रेशनकार्डावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, तिथे अमिना, आमीना, अमीणा काहीही असू शकतं. घरातल्या कुणी जुन्या माणसानं उर्दूत सही केलेली असेल तर तिचा फोटो पाठवा, मग सांगते.