हिटर गॅसचा, मग वीज गेली तर?

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत, नॉर्थ डकोटातल्या फार्गोला गेलाय. म्हणतो, घर गॅसवर तापतं, वीज गेली तरी काळजी नाही. खरंच का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मीसुद्धा अगदी हेच समजून बसले होते! फार्गोतल्या पहिल्याच हिवाळ्यात वादळात वीज गेली आणि तळघरातली भट्टी गप्प. गॅस होता हो, पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा विजेवरच चालतो. खोबरेल तेल थिजणं आपल्याला नवं नाही. तिथे रात्रीतून खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी उमटली. बाहेर उणे 40 असेल तेव्हा सेल्सिअस की फॅरनहाइट असं विचारायचीही सोय नाही, दोन्ही एकच.

आम्ही सगळे एका खोलीत, दाराच्या फटीला चादर कोंबून. नळ बारीक सोडून ठेवले, पाइप गोठून फुटू नयेत म्हणून.

त्याला एक मात्र बजावून सांगा : शेगडी, कोळसे घरात पेटवून ऊब घ्यायची नाही. जनरेटर तर गॅरेजमध्येही नको, दार उघडं असलं तरी. या सगळ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. सेलवर चालणारा त्याचा अलार्म आधी घे म्हणावं, उबदार जाकीट नंतर. आणि गाडीत बसून फोन चार्ज करायचा तर गाडी बाहेर काढून, धुराड्याची नळी बर्फातून मोकळी करूनच.