अमेरिकेत बंदुकीमुळे होणारे मुलांचे मृत्यू रोखण्यात सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकाचं काय काम? तो पोलिसांचा विषय नाही का?

पोलिसांचा विषय आहेच. पण पोलीस बहुतेक वेळा गोळी सुटल्यानंतर येतात. आमचं काम त्याआधीच्या तासांत आणि महिन्यांत असतं. मी मिशिगनमध्ये याच विषयावर संशोधन करते, त्यामुळे इथली उदाहरणं जास्त देईन.

२०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण बंदूक आहे. त्याआधी कित्येक दशकं पहिला क्रमांक वाहन अपघातांचा होता. भारतात शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या पोचतात, पण एकूण मृत्यूंत त्यांचा वाटा फार लहान आहे. बहुतेक मुलं जातात ती भांडणात, बदल्याच्या चक्रात, नाहीतर स्वतःच्याच हाताने.

अपघाती मृत्यू घटले ते गाड्यांवर बंदी घालून नव्हे. प्रत्येक अपघाताची नोंद झाली, मग सीटबेल्ट आले, एअरबॅग आल्या, नवशिक्या मुलांना टप्प्याटप्प्याने परवाना मिळू लागला. बंदुकीच्या बाबतीत हेच काम मध्येच थांबलं. १९९३ मध्ये आर्थर केलरमन यांच्या अभ्यासात दिसलं, की ज्या घरात बंदूक असते तिथे खून होण्याचा धोका जास्त असतो. त्यावर गदारोळ झाला आणि १९९६ मध्ये संसदेने ‘डिकी दुरुस्ती’ मंजूर केली. सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेने बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी पैसा वापरू नये, एवढंच तिच्यात लिहिलं होतं. पण धसका असा बसला की संशोधनाचा निधीच आटला. ज्यांच्या नावाने ती दुरुस्ती ओळखली जाते, त्या माजी खासदार जे डिकी यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे लिहिलं की हे संशोधन व्हायला हवं. तरी या विषयासाठी अडीच कोटी डॉलरची स्वतंत्र तरतूद व्हायला २०२० हे आर्थिक वर्ष उजाडावं लागलं. मधल्या काळात एक अख्खी पिढी वाढली, याचा मला आजही राग येतो.

आता प्रत्यक्ष काम. फ्लिंट शहरातल्या हर्ली रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात रिबेका कनिंगहॅम, मॉरीन वॉल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. १४ ते १८ वयाची जी मुलं वर्षभरात दारूही प्यायली होती आणि मारामाऱ्याही करत होती, त्यांच्याशी समुपदेशक साधारण अर्धा तास बोलत. उपदेश नाही. तुला पुढे काय करायचंय, भांडण पेटलं की तिथून निघायचं कसं, कुणाबरोबर असताना अडकायला होतं, असं बोलणं. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले : तीन महिन्यांनी या मुलांची मारामारी इतरांपेक्षा कमी झालेली होती.

हे इमर्जन्सीतच का? फ्लिंटमध्येच नशा करणाऱ्या तरुणांचा दोन वर्षं पाठपुरावा केला गेला. जे पहिल्यांदा मारहाणीत जखमी होऊन आले होते, त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त पुन्हा तशीच जखम घेऊन आले. टाके घालून घरी पाठवलेला मुलगा बाहेर त्याच वैऱ्यांमध्ये जातो. म्हणून तो खाटेवर असतानाच त्याच्याशी बोलायचं.

सगळे उपाय मुलांशीच बोलण्याचे नसतात. फिलाडेल्फियात चार्ल्स ब्रॅनस यांच्या गटाने ५४१ ओसाड भूखंड घेतले. त्यांतले काही चिठ्ठी टाकावी तसे निवडून साफ केले, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. अतिगरीब वस्त्यांमध्ये अशा जागांभोवतीची बंदूक हिंसा २९ टक्क्यांनी घटली. मला हा अभ्यास सर्वांत आवडतो, कारण त्यात कुणालाही गुन्हेगार ठरवलेलं नाही.

राहिला आत्महत्येचा भाग. किशोरवयात ही ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, पण हाताशी बंदूक असेल तर वाचण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. २०१५ च्या पाहणीनुसार सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती, जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर होती. म्हणून डॉक्टरांनी पालकांना ‘बंदूक का ठेवली’ असं न विचारता ‘कशी ठेवता’ असं विचारावं, असं आम्ही सांगतो. मिशिगनमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून, घरात अल्पवयीन मूल असेल तर बंदूक कुलूपबंद ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे.

इथल्या मराठी पालकांना मी एकच सांगते. मूल कुणाकडे खेळायला जाणार असेल तर ॲलर्जीबद्दल सांगता ना, तसंच ‘तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात असते का?’ हेही विचारा. संकोच वाटतो, मान्य आहे. पण मी विचारते, आणि बहुतेक लोक सरळ उत्तर देतात.