गोळी खाऊनही जंत परत काहून येतात? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

१० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी वाटून झाली की आमच्याकडे पोटाचेच प्रश्न येतात, यंदा इतके आले की त्वचा आणि केसवाल्यांना पुढच्या अंकात ढकलावं लागलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत.

प्रश्न : माझा पोट्टा सात वर्षांचा आहे. शाळेत गोळी खाल्ली, तरी रात्री झोपेत मागे खाजवत राह्यते, एक दिवस मले पांढरे सुतासारखे बारीक जंत दिसले पण. लॅबमध्ये संडास तपासली तर रिपोर्ट नॉर्मल. सासूबाई म्हणतात गूळ-चॉकलेट बंद कर, अन् दात खाते म्हणजे जंतच. शाळेतल्या गोळ्या कामाच्या नसतात का? (मानेवाडा)

गोळी चांगलीच असते ताई, पण ती तुमच्या घरातल्या जंतासाठी वाटतच नाहीत. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला तो मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा मोठा गोल जंत, चाबकासारखा व्हिपवर्म आणि रक्त पिणारा हुकवर्म. तुम्ही पाहिला तो पिनवर्म, त्याला मातीची गरजच नाही. त्याची मादी सेंटीमीटरभर लांबीची असते, पोरगं झोपलं की ती गुदद्वारापाशी बाहेर येऊन हजारो अंडी चिकटवते, त्याने खाज सुटते, पोरगं खाजवतं, अंडी नखात जातात आणि सकाळी तीच नखं तोंडात. अंडी चार-सहा तासांत लागण करण्याजोगी होतात आणि चादरी, चड्ड्या, खेळणी यांच्यावर दोन-तीन आठवडे टिकतात. मोठ्या गोल जंताचं वेगळं असतं, त्याची अंडी मातीत दोन-चार आठवडे पिकल्याशिवाय काही करू शकत नाहीत, म्हणून तो एका पोराकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही आणि पिनवर्म मात्र एका पलंगावर झोपणाऱ्या सगळ्यांना लागतो.

आता गोळीचं. शाळेतल्या गोळीतलं औषध म्हणजे अल्बेंडाझोल, ते जंत मारतं पण अंडी उरतात, त्यामुळे पिनवर्मला दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावा लागतो, ज्यांना खाज नाही त्यांनी पण, सासूबाईंनी पण. शाळेची पुढची गोळी येते सहा महिन्यांनी, तोवर याच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात. डोस वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून घ्या, घरात कोणी गरोदर असेल तर आधी सांगा, पहिल्या तीन महिन्यांत हे औषध देत नाहीत. सोबत नखं कापा, पोराला सकाळी उठल्या उठल्या आंघोळ घाला, अंथरूण झटकू नका, गुंडाळून गरम पाण्यात टाका.

रिपोर्ट नॉर्मल आला यात लॅबची चूक नाही, अंडी कातडीवर असतात, संडासात फार कमी सापडतात. सकाळी आंघोळ-संडासच्या आधी तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, ती काचेवर लावून लॅबमध्ये द्यायची, मायक्रोस्कोपखाली दिसतात. गूळ-चॉकलेटने जंत होत नाहीत, दातांसाठी कमी करायचं तर करा. आणि दात खाण्याचा जंताशी पक्का संबंध दाखवणारा पुरावा नाही. सासूबाईंना आमचं नाव सांगा.

प्रश्न : आमच्या बागेत संत्र्याच्या तोडीले बाया येतात. दोघी-तिघींचं हिमोग्लोबिन सात-आठच्या वर जातच नाही, आयर्नच्या गोळ्या खाऊन पण. पीएचसीतल्या सिस्टर म्हणाल्या अनवाणी फिरू नका, जंत पायातून शिरतात. पायातून पोटात? पटलं नाही बाप्पा. (काटोल)

डॉक्टरांनाही पटलं नव्हतं! आर्थर लूस नावाचे जर्मन संशोधक कैरोमध्ये हुकवर्मवर काम करत होते, १८९८ च्या सुमारास अळ्यांचं पाणी चुकून त्यांच्या हातावर सांडलं, खाज सुटली, लाल झालं, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच संडासात हुकवर्मची अंडी सापडली. तरी लोक मानेनात, तेव्हा त्यांनी ज्याचा पाय तसाही कापायचाच होता अशा एका मुलाच्या पायावर ऑपरेशनच्या तासभर आधी अळ्या ठेवल्या, आणि नंतर कापलेल्या पायाच्या कातडीत त्या शिरलेल्या दाखवल्या. आजच्या एथिक्स कमिटीने त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं, पण सिद्ध झालं ते झालं. अळी कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून वर घशात, आपण ती नकळत गिळतो आणि मग ती लहान आतड्यात दातांनी चिकटून रक्त पिते. एक जात दिवसाला ०.०३ मिली पिते, दुसरी साधारण ०.१५ ते ०.२. ऐकायला काहीच नाही, पण ही दुसरी जात शंभर असेल तर रोज १५-२० मिली रक्त गेलं, आणि जिच्या ताटात आधीच लोह कमी, वर दर महिन्याची पाळी, तिला ते कुठून भरून निघणार.

मे महिन्यात आपल्याकडच्या ४५ डिग्रीत उघड्या कोरड्या मातीत ही अळी टिकत नाही, खरा धोका पावसाळ्यात, ओल आणि सावली असलेल्या जागी, आणि जिथे कोणी उघड्यावर बसतं तिथेच. म्हणजे चप्पल हवीच पण बागेत मजुरांसाठी संडास आहे का हे आधी बघा, ते काम मालकाचं आहे, म्हणजे तुमचं. आणि शाळेची गोळी १ ते १९ वयासाठी असते, तुमच्याकडच्या मोठ्या बाया त्यात बसत नाहीत. हुकवर्म मोठ्या माणसांत भरपूर असतो, म्हणूनच केनियाच्या क्वाले भागात शाळेपुरती गोळी आणि अख्ख्या गावाला गोळी अशी तुलना करून पाहिली, २०१९ ला निकाल छापून आला, गावाला दिली तिथे हुकवर्म जास्त कमी झाला. असंच काम डीवर्म-३ नावाच्या अभ्यासात आपल्या तामिळनाडूतही झालं.

पण एक करा, हिमोग्लोबिन कमी म्हणजे जंत असं धरून बसू नका. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि त्यात गोळ्या खाऊन रक्त वाढत नाही म्हणून बाई वर्षानुवर्षं नुसतं आयर्न खात राहते. सिकलसेलची तपासणी आधी करून घ्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. दर वर्षी दोनदा गोळ्या वाटतो, फोटो पाठवतो. याने खरंच मुलं सुधारतात का, की नुसतं टार्गेट? (रामटेक)

सर, या प्रश्नावर शास्त्रज्ञांमध्ये मोठी भांडणं झालीत. मायकल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी केनियाच्या बुसिया भागात ७५ शाळांत गोळ्या देऊन पाहिलं, २००४ साली मांडलं की शाळेतली गैरहजेरी सुमारे पाव भागाने कमी झाली, आणि गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला, कारण आसपास अंडीच कमी पडली. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि काही निष्कर्षांवर आक्षेप घेतले. आपल्या उत्तर प्रदेशात तर डेव्हटा नावाचा अभ्यास सुमारे दहा लाख लहान मुलांवर झाला, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल, निकाल २०१३ ला आला, बालमृत्यूत ठोस फरक दिसला नाही.

मला विचाराल तर यात दोन्ही बाजू वाटतात तितक्या विरुद्ध नाहीत. गोळी न तपासता सगळ्यांना दिली की ज्यांच्या पोटात जंत नाहीत ती मुलंही हिशोबात येतात आणि सरासरी वजन फारसं हलत नाही, पण ज्याच्या पोटात पन्नास जंत आहेत त्याला गोळीचा फायदाच होतो. गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे, आणि प्रत्येकाची संडास तपासण्यापेक्षा सोपी. जागतिक आरोग्य संघटना पण जिथे २० टक्क्यांहून जास्त मुलांना लागण आहे तिथेच सगळ्यांना द्या म्हणते. खोटं आहे ते एवढंच, की गोळी वाटली म्हणजे काम झालं. माती तशीच राहिली तर काही महिन्यांत परत लागण होते, मोठ्या गोल जंताची मादी दिवसाला दोन लाख अंडी टाकते आणि ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्यात व्हिपवर्मवर अल्बेंडाझोलचा एक डोस फारसा चालतच नाही, २००८ च्या एका आढाव्यात जेमतेम २८ टक्के बरे झाले होते, म्हणून आता त्याला आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंताच्या औषधाची जोड देऊन बघतात. तेव्हा फोटो पाठवा, पण सोबत शाळेच्या नळाचा आणि साबणाचा फोटो पण पाठवा, बघू कोणी मागतं का.

प्रश्न : आमचं घर पूर्ण शाकाहारी. भावाला फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत जंताची गाठ निघाली. डुकराच्या मांसातून होतो ना हा? कोबीतून झाला असेल का? (धरमपेठ)

मांसातून होतो तो पोटातला फीतजंत. मेंदूतली गाठ मांस खाऊन होत नाही, ती होते अंडी पोटात गेल्याने. पोटात फीतजंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून ती अंडी पाण्यात, भाजीवर किंवा न धुतलेल्या हातावरून जेवणात येतात, मग खाणारा शाकाहारी की मांसाहारी हे ती विचारत नाहीत. कोबीचीच बदनामी झाली, कोथिंबीर-मुळ्यालाही अंडी लागू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. मिठाच्या पाण्याच्या भरवशावर राहू नका, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, शक्य ते शिजवा. भावाचे उपचार न्यूरोलॉजिस्टकडेच करा, जंताची गोळी आपल्या मनाने देऊ नका, मेंदूतली गाठ मरताना सूज येते आणि फिट वाढू शकते.

प्रश्न : शास्त्रज्ञ मुद्दाम जंत पोटात घेतात म्हणे, ॲलर्जी बरी व्हायला? (कॉलेजची विद्यार्थिनी, लक्ष्मीनगर)

घेतात. जपानच्या कोइनो यांनी १९२२ मध्ये गोल जंताची २००० अंडी गिळली, ती ॲलर्जीसाठी नाही, जंत फुप्फुसातून जातो हे दाखवायला, आणि त्यांच्या थुंकीत अळ्या निघाल्या. ॲलर्जीचं म्हणशील तर ब्रिटनच्या टर्टन यांनी १९७६ मध्ये लिहिलं की हुकवर्म घेतल्यावर त्यांचा हे-फीव्हर, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीने येणारी सर्दी, थांबला. मग नॉटिंगहॅममध्ये अजून चाचण्या झाल्या, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या ७१ रुग्णांवरची २०२० ला छापून आली, तिच्या मुख्य मोजमापात ठोस फरक निघाला नाही. नेटवर अळ्या विकणारे भेटतील. घेऊ नको.

प्रश्न : वावडिंग चालते का? (दोघा-तिघांचा)

वावडिंगाने प्राण्यांत आणि प्रयोगशाळेत थोडा परिणाम दिसलाय, पण अल्बेंडाझोलइतकी माणसांतली मोठी चाचणी तिच्यामागे नाही, म्हणून गोळीच्या जागी नको. आणि गरोदर बाईने तर अजिबात नाही.