अनेक ग्राहकांच्या फाइल एकाच क्लाउडवर ठेवताना प्रत्येकाला वेगळी बकेट द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सीए फर्मसाठी कागदपत्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर करताय, आज ४० फर्म आहेत, पुढे ५०० व्हाव्यात अशी इच्छा आहे, फाइल अ‍ॅमेझॉनच्या एस३ या फाइल साठवण्याच्या सेवेवर आहेत. मग फर्मागणिक वेगळी बकेट (फाइल ठेवायची मोठी टोपली), की एकाच बकेटमध्ये वेगवेगळे फोल्डर?

मी तुमच्या जागी असतो तर एकच बकेट ठेवली असती आणि प्रत्येक फर्मला वेगळा प्रीफिक्स (फाइलच्या नावाआधीचा भाग) दिला असता. बकेट पुरणार नाहीत ही भीती आता उरलेली नाही; पूर्वी एका खात्याला मुळात १०० मिळायच्या, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १०,००० मिळतात. पण ५०० बकेटांच्या पॉलिसी (कुणाला काय उघडता यावं याचे नियम), लाइफसायकलचे नियम (काय कधी आपोआप काढायचं) आणि लॉगिंग वर्षानुवर्षं एकसारखं ठेवणं हे खरं काम आहे, आणि त्यातली एखादी बकेट कधीतरी नजरेतून सुटतेच. एखादा मोठा ग्राहक करारात स्वतंत्र साठवण मागत असेल तर त्याला बकेटच काय, सरळ वेगळं खातं द्या. बाकीच्यांना गरज नाही.

पण बकेटचा निर्णय चुकला तर नंतर सुधारता येतो. एका फर्मची फाइल दुसरीला दिसली तर ते सुधारता येत नाही, म्हणून खरा विचार तिथे करा.

एस३ मध्ये फोल्डर नावाची वस्तूच नसते. असते ती एक लांबलचक «की», म्हणजे फाइलचं पूर्ण नाव, आणि प्रीफिक्स म्हणजे तिची सुरुवातीची अक्षरं. हे मी अनुभवातून शिकलो. मी आधी जिथे काम करायचो तिथे टेनंटचे (म्हणजे एकेका ग्राहक फर्मचे) क्रमांक १, २, ३ असे होते आणि यादी मागताना प्रीफिक्स द्यायचो «docs» नंतर तिरकी रेघ आणि क्रमांक, बस. नऊ ग्राहक होते तोवर सगळं सुरळीत. दहावा आला आणि पहिल्या ग्राहकाच्या स्क्रीनवर दहाव्याच्या फाइलींची नावं दिसायला लागली, कारण १० ची सुरुवातही १ नेच होते. क्रमांकानंतरची एक तिरकी रेघ राहून गेली होती. पॉलिसीतही तशीच चूक होती, त्यामुळे फाइल उघडतही होत्या. त्या ग्राहकाला फोन करून हे सांगताना काय वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणून शेवटची रेघ कधीही सोडू नका, आणि क्रमांकाऐवजी सगळ्यांना सारख्याच लांबीचा यूयूआयडी (आपोआप तयार होणारा लांब, एकमेव आयडी) द्या.

दुसरी गोष्ट, टेनंट कोण हे ब्राउझरने पाठवलेल्या आयडीवरून ठरवायचं नाही. लॉगिनच्या वेळी सर्व्हरने सही केलेल्या टोकनमधूनच (ओळखीची डिजिटल चिठ्ठी) ते घ्यायचं. आणि तेवढ्यावरही थांबू नका. अ‍ॅपच्या हातात अख्ख्या बकेटची किल्ली असेल तर एका विसरलेल्या अटीने सगळं उघडं पडतं. एसटीएस या तात्पुरती परवानगी देणाऱ्या सेवेकडून त्या टेनंटच्या प्रीफिक्सपुरतेच तात्पुरते क्रेडेन्शियल (परवानगीच्या किल्ल्या) घ्या आणि प्रीसाइन्ड यूआरएल (ठरावीक वेळच चालणाऱ्या, सही केलेल्या लिंक) त्यांनीच बनवा. मग कोड चुकला तरी एस३ स्वतः नाही म्हणेल. फाइलींची नोंद पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असेल तर तिथे रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचं बंधन) लावा, पण टेबलाच्या मालकाला ती मुळात लागू होत नाही हे ध्यानात ठेवा. अ‍ॅपसाठी वेगळा युजर करा.

कीमध्ये फाइलचं मूळ नाव घालू नका. कीची मर्यादा १०२४ बाइट आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे फार तर ३४१ चिन्हं, तीही प्रीफिक्स धरून. «सातबारा उतारा गट नंबर अमुक, सुधारित» असली नावं आपल्याकडे सर्रास येतात. नाव डेटाबेसमध्ये राहू द्या आणि डाउनलोडच्या वेळी हेडरमधून (फाइलसोबत जाणाऱ्या माहितीतून) द्या.

प्रत्येक फर्मचा कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, मोजताना एक खोच आहे. पुट आणि पोस्ट हे अपलोडचे दोन प्रकार. प्रीसाइन्ड पुट यूआरएलमध्ये «अमुक एमबीपर्यंतच» अशी कमाल मर्यादा घालता येत नाही. प्रीसाइन्ड पोस्टमध्ये येते. तुम्ही पोस्टच वापरा. आणि जागा अपलोडच्या आधी राखून ठेवा, नाहीतर एकाच वेळी सुरू झालेले दोन अपलोड दोन्हीही «जागा आहे» असं वाचून पुढे जातील. अर्धवट राहिलेल्या मल्टिपार्ट (मोठी फाइल तुकड्यांत पाठवणाऱ्या) अपलोडचे तुकडे यादीत दिसत नाहीत, बिलात मात्र येतात. काही दिवसांनी ते रद्द करण्याचा लाइफसायकल नियम पहिल्याच दिवशी लावा.

फर्म सोडून जाईल तेव्हाचाही विचार आत्ताच करा. व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखून ठेवणं) चालू असेल तर डिलीट केल्यावर फक्त खूण पडते, जुन्या प्रती तशाच राहतात. प्रत्येक टेनंटला स्वतःची केएमएस की (फाइली कुलूपबंद करणारी एन्क्रिप्शनची किल्ली) दिलीत, तर ती नष्ट केल्यावर त्या प्रती कुणालाच वाचता येत नाहीत. महिन्याला कीमागे १ डॉलर पडतो, आणि नष्ट व्हायला ७ ते ३० दिवसांची वाट पाहावी लागते. सीए फर्मकडे लोकांचे पॅन आणि बँकेची स्टेटमेंट असतात. मला हा खर्च जास्त वाटत नाही.

एकच पीडीएफ अनेक फर्मनी चढवली तर एकच प्रत ठेवून जागा वाचवावी असा मोह होईल. टेनंटच्या आत खुशाल करा, टेनंटांमध्ये नको. «ही फाइल आधीच आहे» म्हणून अपलोड झटक्यात संपला, की ती दुसऱ्या कुणाकडे तरी आहे हे समोरच्याला कळतं.

आता मी कुठेही काम केलं तरी एक चाचणी आधी लिहितो. दोन खोटे टेनंट, आणि एकाच्या टोकनने दुसऱ्याची प्रत्येक फाइल मागायची: यादी, डाउनलोड, शेअर लिंक, थंबनेल, शोध, सगळ्या वाटांनी. उत्तर ४०४ («सापडलं नाही») यायला हवं. ४०३ («परवानगी नाही») आलं तर चाचणी नापास, कारण त्यातून फाइल तिथे आहे एवढं तरी कळतंच.