मेडिक्लेम चांगला, साहेब वाईट

प्रश्न : चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत पर्चेसला आहे. सव्वाचार वर्षं झाली. आई-वडिलांसकट मेडिक्लेम, बस, कँटीन, सगळं उत्तम. पण साहेब ऑर्डरी तोंडी देतात आणि अंगाशी आलं की हात वर करतात. रेटिंग मर्जीतल्यांना. परवा तर मागची तारीख टाकून कोटेशनच्या कम्पॅरेटिव्हवर (वेगवेगळ्या व्हेंडरच्या दरांच्या तुलनेच्या तक्त्यावर) सही घेतली. वडिलांची बायपास झालीय, त्यामुळे पाय निघत नाही. सोडू का?
– एक त्रस्त वाचक, भोसरी

उत्तर : सगळ्यात आधी ती सही. मर्जी, रेटिंग हे मनस्तापाचे विषय; मागच्या तारखेची सही नोकरी घालवणारा. ऑडिटला कागदावर तुमचं नाव दिसेल, साहेबांचं नाही. गैरवर्तनाने बडतर्फ झालात, तर काही प्रकरणांत ग्रॅच्युइटीही जप्त होते. पुढच्या वेळी सही करा, पण खाली सही करता त्या दिवसाचीच तारीख घाला. चालत नाही म्हणाले, तर ‘मेलवर सांगा सर’ एवढंच म्हणा. बहुतेक वेळा मेल येतच नाही.

आता पैशांचं. पीएफ तुमचा, तो यूएएनबरोबर (पीएफचा कायमचा नंबर) येतो. नव्या नोकरीत ट्रान्सफर करा. काढलात आणि एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असली, तर कर लागतो. ग्रॅच्युइटीला मात्र पाच वर्षं भरावी लागतात. वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. मूळ पगार ३२,००० धरला, तर ३२,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे ९२,३०० रुपये. उरलेल्या नऊ महिन्यांचा भाव हा एवढाच. (४ वर्षं २४० दिवस पुरतात, असं कुणीतरी सांगेलच. मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे, पण कंपन्या खळखळ करतात. त्या भरवशावर राजीनामा टाकू नका.)

खरी गाठ मेडिक्लेमची. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरतात, स्वतःच्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून सोडायचं असो वा नसो, वडिलांची वेगळी पॉलिसी आत्ताच बघा. थांबण्याचा काळ नोकरीत असतानाच सरू दे. बायपास लपवू नका, क्लेम नेमका तिथेच अडतो. कुणी पॉलिसी देईना, तर तुमच्या ग्रुपच्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागा, तेही कव्हर चालू असताना. देतीलच असं नाही; दिलं तर आधीची वर्षं धरली जातात. वडील सत्तरीपुढचे असतील, तर केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे. नवीन ऑफर आली की आई-वडील धरलेत का, प्रीमियम कोण भरणार, को-पे (बिलातला आपला वाटा) किती, हे एचआरकडून लेखी घ्या.

तोंडी ऑर्डरीवर उपाय एकच, त्याच दिवशी दोन ओळींचा मेल : ‘सकाळी बोलल्याप्रमाणे ५०० नग अमुक व्हेंडरला देत आहे, बदल असल्यास चारपर्यंत कळवावे.’ सीसीत सगळं गाव नको, भांडण वाढतं. कंपनीचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, तो वेगळाच गुन्हा ठरेल. तारीखवार नोंद घरच्या वहीत. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, अप्रेझलची पत्रं मात्र आजच उतरवून घ्या.

एचआरकडे राजकारणाची तक्रार नेऊ नका, हाती काही लागत नाही. बदली मागा. स्टोअर्स किंवा प्लॅनिंगला गेलात, तर साहेब बदलतात, सेवा तुटत नाही. तेही जमलं नाही, तर नोटीस पिरियड हिशेबात धरून इंटरव्ह्यू आत्तापासून सुरू करा आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावरची तारीख शेवटचा दिवस म्हणून ठरवा. मात्र मागच्या तारखेचा कागद पुन्हा पुढे आला आणि मेल मागूनही दबाव थांबला नाही, तर ९२ हजारांवर पाणी सोडून निघा.