बाईंना विचारा : यादीतला शब्द आणि हातातला शब्द

प्रश्न : नमस्कार बाई. नाशिकच्या सातपूरला मी संध्याकाळी साडेसातला इंग्रजीचा वर्ग घेते. चौदा मुलं आहेत, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, एमआयडीसीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) नाहीतर असेंब्लीत. आयटीआय झालेली आहेत, साधं इंग्रजी जमतं. सुपरवायझरच्या जागेसाठी त्यांना वरच्या दर्जाचं इंग्रजी हवंय. अवघड शब्दांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन रोज वीस शब्द पाठ करतात. परवा एकाने रिपोर्टमध्ये लिहिलं, 'द मशीन इज इंडिस्पोज्ड'. पाठांतर थांबवू का? आणि मला हिंदी येतं, पण अर्थ सांगताना मराठीच तोंडात येते. ते चालेल का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

निवृत्तीनंतर सहा वर्षं मी अंबडच्या मुलांसाठी आमच्या गच्चीवर वर्ग घेतला. पहिल्याच वर्षी फळ्यावर 'रिसर्च – संशोधन' असं लिहिलं. मुलांनी उतरवून घेतलं. पुढच्या आठवड्यात एकाच्या निबंधात वाक्य आलं, 'पार्लमेंट कॅन रिसर्च द कॉन्स्टिट्यूशन'. मी ते लाल शाईने खोडलं आणि त्याला चार शब्द सुनावले. मग एक दिवस हिंदी वर्तमानपत्रात 'संविधान संशोधन' असा मथळा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, अमेंडमेंट. आपल्या संशोधनाला ते शोध किंवा अनुसंधान म्हणतात. मुलगा मी दिलेला अर्थ प्रामाणिकपणे वापरत होता. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली.

तेव्हापासून अशा शब्दांची वही ठेवली. आपण 'पनिशमेंट'चा अर्थ शिक्षा सांगतो, त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. आपण 'ऑब्जेक्शन' म्हणजे हरकत म्हणतो, त्यांच्या कानाला हरकत म्हणजे चाळे. ऑब्जेक्शनला ते आपत्ति म्हणतात आणि आपली आपत्ती म्हणजे संकट. आपला अभ्यास 'स्टडी', त्यांचा अभ्यास 'प्रॅक्टिस'. व्यस्त प्रमाण शिकवायला गेलात तर त्यांना कामात बुडालेला माणूस आठवेल. दोन्ही भाषांची लिपी एक, शब्द एक, म्हणून चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. तेव्हा अर्थ सांगायचा तो त्यांच्या हिंदीत, आणि शक्यतो त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचा. 'अपने शब्दों में बताओ' एवढं म्हणा. तुमचं हिंदी तोडकंमोडकं असलं तरी काही बिघडत नाही.

आता इंडिस्पोज्ड. तो मुलगा धीट आहे, त्याला जपा. पुस्तकात त्या शब्दासमोर 'अस्वस्थ' छापलेलं असणार, आणि बंद पडलेल्या मशीनची तबीयत बिघडली असं हिंदीत आपुलकीने म्हणतातच. इंग्रजीत मात्र इंडिस्पोज्ड होतो तो माणूस, तोही जरासा आजारी. एका शब्दासमोर एक अर्थ छापणारं पुस्तक हे सांगू शकत नाही. पाठांतर चालू राहू द्या, ते पुस्तक काढून घ्या.

त्याच्या जागी काय? माझं ठाम मत आहे की या मुलांच्या हातात वरच्या दर्जाचं इंग्रजी आधीच आहे, फक्त ते कारखान्याच्या फाटकाबाहेर येत नाही. ड्रॉइंगवर अधिक-उणे 0.02 मिलिमीटर लिहिलेलं असतं, त्याला ते रोज 'टॉलरन्स' म्हणतात. नेमक्या मापापासून किती सरकलेलं चालवून घ्यायचं, ते टॉलरन्स. मग दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या मताच्या माणसाला सामावून घेणं हेही टॉलरन्स, हे सांगायला व्याख्या लागत नाही. 'एक्सेंट्रिक' म्हणजे केंद्रापासून सरकलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा. माणूस एक्सेंट्रिक, म्हणजे विक्षिप्त, म्हटला की ते आपोआप हसून समजतात. 'फटीग' म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन धातूला जाणारा तडा. स्क्रू उलट फिरवताना नटात जी मोकळी हालचाल जाणवते ती 'बॅकलॅश', आणि एखाद्या निर्णयावर लोकांमधून उसळणारी उलट प्रतिक्रियाही बॅकलॅशच. 'डेव्हिएशन', 'कॅलिब्रेट', 'अलाइनमेंट', 'टेपर' हे सगळे शब्द त्यांच्या ओठांवर आहेत. गच्चीवरच्या वर्गात मी दर सोमवारी प्रत्येकाला शॉपफ्लोअरवरचा एक शब्द आणायला सांगायची, आणि आम्ही तो शब्द घरात, बाजारात, बातमीत कुठे कुठे बसतो ते शोधायचो. एका पावसाळ्यात साठच्या वर शब्द झाले, आणि त्यातला एकही मी आणलेला नव्हता.

दुसरं भांडवल त्यांच्या हिंदीत आहे. 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं. आपल्या वर्गासाठी त्याचा उपयोग असा. अमर आणि 'इम्मॉर्टल' शेजारी लिहा. नकाराचा उपसर्ग तोच, मरणाचा धातू तोच. अनाम आणि 'अनॉनिमस'. अज्ञान आणि 'इग्नोरन्स'. मुलं थक्क होतात आणि तो शब्द पुन्हा विसरत नाहीत. पण दिसायला सारखे सगळेच शब्द भाऊबंद नसतात, तेव्हा शब्दकोशात व्युत्पत्ती पाहिल्याशिवाय जोडी फळ्यावर लिहू नका.

यादी हवीच असेल तर एक चांगली आहे. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली 'अकॅडमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. तिच्यात 570 शब्दकुलं आहेत, आणि अभ्यासविषयक इंग्रजी मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द एवढ्यातूनच येतात. 'ॲलोकेट', 'मॉनिटर', 'कन्सिस्टंट', 'प्रायॉरिटी', 'ॲडिक्वेट', 'कम्पेन्सेट' असे शब्द. सुपरवायझरचा रिपोर्ट यांच्यावरच चालतो. शब्दकुल म्हणजे 'कन्सिस्टंट'बरोबर 'कन्सिस्टन्सी', 'कन्सिस्टंटली' आणि 'इनकन्सिस्टंट' एकाच पानावर.

आणि प्रत्येक शब्द त्याच्या शेजाऱ्यासकट, म्हणजे नेहमी त्याच्याबरोबर येणाऱ्या शब्दासकट, लिहायला लावा. खरी मेख इथे आहे. तेज़ बारिश म्हणून मुलं 'फास्ट रेन' लिहितात, इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो. कड़क चाय 'स्ट्राँग' होते. हिंदीत के बारे में चर्चा करतात म्हणून 'डिस्कस अबाउट' येतं, तिथे 'अबाउट' नकोच. हिंदी बोलणारे परीक्षा 'देतात', आपणही देतो. इंग्रजीत परीक्षार्थी ती 'टेक' करतो. पण जिथे जुळतं तिथे सुंदर जुळतं. घोर लापरवाही म्हणजे 'ग्रॉस नेग्लिजन्स'. सख़्त ज़रूरत म्हणजे 'डायर नीड'. हे शेजार मुलांना बातम्या ऐकून ठाऊक असतात, त्यांना फक्त पलीकडचं घर दाखवायचं.

रोज वीस शब्द फार होतात. पाच पुरेत. जाड कागदाची कार्डं कापा, एका बाजूला शेजाऱ्यासह शब्द, दुसऱ्या बाजूला हिंदी वाक्य आणि त्या दिवशी स्वतःच्या बाबतीत घडलेल्या गोष्टीवरचं एक इंग्रजी वाक्य. चपलांच्या खोक्यात तीन कप्पे करा. पहिला रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा रविवारी. आठवलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलं की पुन्हा पहिल्यात. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. दुसऱ्या पाळीची मुलं खोका डब्याबरोबर नेतात, बसमध्ये दहा कार्डं सहज होतात.

प्रश्न : माझी सून इंदूरची, हिंदी माध्यमात शिकलेली. बँकेच्या परीक्षेसाठी रोज इंग्रजी पेपर वाचते, प्रत्येक अनोळखी शब्द शब्दकोशात बघते. एका पानाला दीड तास लागतो आणि महिनाभरात ती कंटाळली आहे.
– एक सासूबाई, नाशिकरोड

उत्तर : तिला सगळा पेपर वाचायला सांगू नका. एकच विषय धरायचा आणि दोन आठवडे फक्त त्याच्याच बातम्या वाचायच्या. नाशिकमध्ये कांद्याहून चांगला विषय कुठला? ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, मे 2024 मध्ये ती उठली. त्या काळातल्या इंग्रजी बातम्या काढून द्या. तेच पंचवीस-तीस शब्द फिरून फिरून येतील. 'इम्पोज अ बॅन', 'लिफ्ट द बॅन', 'कर्ब' (निर्बंध), 'ग्लट' (मालाचा महापूर), 'होर्डिंग' (साठेबाजी), 'बफर स्टॉक' (राखीव साठा). 'ड्यूटी' म्हणजे कर्तव्य एवढंच तिला माहीत असेल, इथे ती शुल्क होऊन येते. 'अरायव्हल्स' म्हणजे बाजारातली आवक, हे लासलगावच्या एका बातमीतच कळतं.

पहिल्या वाचनात शब्दकोश बंद. तीनदा भेटलेला शब्दच उघडून बघायचा. आणि एक विनंती तुम्हाला. संध्याकाळी भाजी निवडताना तिला ती बातमी हिंदीतून सांगायला लावा आणि अडेल तिथे मध्ये प्रश्न विचारा. सांगता सांगता कुठला शब्द नीट कळला नव्हता ते तिचं तिलाच उमगेल.